अद्याप न सापडलेल्या कणांचे वस्तुमान मोजायचे कसे?

जिनिव्हा शहरानजीक, फ्रान्स आणि स्वित्झर्लंडच्या सीमेखाली सरासरी १०० मीटर खोलीवर, २७ किलोमीटर परिघाच्या बोगद्यात लार्ज हॅड्रॉन कोलायडर हे जगातील सर्वांत शक्तिशाली कण-प्रवेगक यंत्र उभारण्यात आले आहे. सर्न या युरोपीय संशोधन संस्थेच्या या यंत्रात प्रोटॉनचे दोन झोत समोरासमोर आदळवून त्यातून नवे कण निर्माण होतात का, याचा शोध घेतला जातो. ४ जुलै २०१२ रोजी हिग्ज बोसॉन सापडल्याची घोषणा येथेच झाली. त्यानंतर एका दशकाहून अधिक काळ लोटला, तरी आणखी एकही नवा मूलकण हाती लागलेला नाही. असे असूनही, असा कण उद्या निर्माण झाल्यास त्याचे वस्तुमान कसे ठरवायचे, याच्या पद्धती शास्त्रज्ञांनी गेल्या अडीच दशकांत बारकाईने विकसित करून ठेवल्या आहेत.

या तयारीमागे सबळ कारण आहे. विश्वातील एकूण द्रव्यापैकी सुमारे ८५ टक्के द्रव्य आपल्याला दिसत नाही. आकाशगंगांच्या गतीवर होणाऱ्या परिणामांवरून त्याचे अस्तित्व जाणवते, पण ते प्रकाश देत नाही आणि शोषूनही घेत नाही. त्याला कृष्ण पदार्थ असे म्हटले जाते. हा पदार्थ एखाद्या अज्ञात कणाचा बनलेला असेल आणि तो कण कोलायडरमध्ये निर्माण झाला, तर कोणतीही खूण न ठेवता तो यंत्राबाहेर निघून जाईल. त्याची ओळख पटविण्यासाठी त्याचे वस्तुमान ठाऊक असणे अत्यावश्यक आहे. जे दिसतच नाही, त्याचे वस्तुमान कसे मोजणार, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा ठरतो.

दिसणाऱ्या तुकड्यांवरून मूळ कणाचा अंदाज

जड मूलकण फार काळ टिकत नाहीत. निर्माण होताच सेकंदाच्या अतिसूक्ष्म अंशात त्यांचा ऱ्हास होऊन हलके कण बाहेर पडतात. त्यामुळे जड कणाला तराजूत घालण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. त्याच्या ऱ्हासातून निघालेल्या कणांची ऊर्जा आणि संवेग मोजून मूळ कणाचे वस्तुमान गणिताने काढावे लागते. आइन्स्टाईनच्या सापेक्षता सिद्धांतानुसार ऊर्जा, संवेग आणि वस्तुमान यांचे नाते निश्चित आहे आणि कणाच्या ऱ्हासापूर्वीची एकूण ऊर्जा व संवेग ऱ्हासानंतरही कायम राहतात. सर्व तुकडे मिळाले, तर हिशेब पूर्ण होतो.

कणांचे वस्तुमान जीईव्ही, म्हणजे गिगा इलेक्ट्रॉन व्होल्ट, या ऊर्जेच्या एककात सांगण्याचा प्रघात आहे. प्रोटॉनचे वस्तुमान १ जीईव्हीपेक्षा किंचित कमी, म्हणजे सुमारे ०.९४ जीईव्ही आहे. हिग्ज बोसॉनचा शोध लागला, तेव्हा त्याच्या ऱ्हासातून बाहेर पडलेले दोन प्रकाशकण, तसेच इलेक्ट्रॉन किंवा म्युऑन या प्रकारचे चार कण मोजण्यात आले. प्रत्येक घटनेतील आकडेमोड करून स्तंभालेख काढला असता १२५ जीईव्हीच्या आसपास एक उंचवटा दिसून आला. उंचवट्याची जागा म्हणजेच कणाचे वस्तुमान. येथे मूळ कणाचा प्रत्येक तुकडा शोधयंत्राने टिपलेला होता, म्हणून हे काम तुलनेने सरळ होते.

ऱ्हासातून निघालेल्या तुकड्यांपैकी एखादा अदृश्य असेल, तर मात्र असा उंचवटा मिळत नाही. खरी अडचण तेथून सुरू होते.

प्रोटॉनच्या टकरीतील गुंतागुंत

प्रोटॉन हा मूलकण नव्हे. क्वार्क आणि ग्लुऑन या कणांचा तो समूह आहे. अशा संयुक्त कणांना हॅड्रॉन म्हणतात आणि त्यावरूनच या यंत्रास हॅड्रॉन कोलायडर हे नाव मिळाले. दोन प्रोटॉन आदळतात, तेव्हा प्रत्यक्ष टक्कर एका प्रोटॉनमधील एखाद्या क्वार्कची किंवा ग्लुऑनची दुसऱ्या प्रोटॉनमधील तशाच एखाद्या घटकाशी होते. त्या घटकाकडे प्रोटॉनच्या एकूण संवेगाचा किती वाटा होता, हे त्या विशिष्ट टकरीपुरते कोणालाही सांगता येत नाही. प्रोटॉनचे उरलेले अवशेष झोताच्या नळीतूनच पुढे निघून जातात.

याउलट इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन यांच्या टकरीत सुरुवातीची ऊर्जा नेमकी ठाऊक असते. सर्नच्या याच बोगद्यात १९८९ ते २००० या काळात कार्यरत असलेल्या लेप या यंत्राला ही सोय उपलब्ध होती. हॅड्रॉन कोलायडरमध्ये अधिक ऊर्जा गाठता येते, पण आरंभीच्या स्थितीची ही माहिती गमवावी लागते.

तरीही एक आधार शिल्लक राहतो. प्रोटॉनचे झोत एका सरळ रेषेत समोरासमोर येतात. त्या रेषेशी काटकोनात, म्हणजे आडव्या दिशेने, टकरीपूर्वी जवळपास काहीच संवेग नसतो. म्हणून टकरीनंतर बाहेर पडलेल्या सर्व कणांच्या आडव्या संवेगांची बेरीज शून्य यायला हवी. जमिनीवर ठेवलेला फटाका फुटल्यावर त्याचे तुकडे सर्व बाजूंना उडावेत, त्याप्रमाणेच. सर्व तुकडे एकाच बाजूला गेलेले दिसले, तर दुसऱ्या बाजूला काहीतरी नजरेआड निसटले आहे, असा निष्कर्ष निघतो. जमाखर्चाचा ताळेबंद जुळत नसेल, तर जेवढी तूट तेवढी रक्कम कोणीतरी नेली, असे मानतात. शास्त्रज्ञ याच रीतीने आडव्या संवेगातील तूट मोजतात. अदृश्य कणाबद्दल मिळणारी प्रत्यक्ष माहिती एवढीच असते.

डब्ल्यू बोसॉनने घालून दिलेला पाठ

या अपुऱ्या माहितीतूनही वस्तुमान काढता येते, हे १९८३ मध्ये सिद्ध झाले. त्या वर्षी सर्नमधील प्रोटॉन आणि प्रतिप्रोटॉन यांच्या कोलायडरवर यूए-१ आणि यूए-२ या प्रयोगांनी डब्ल्यू बोसॉन शोधून काढला. या कार्याबद्दल कार्लो रुबिया आणि सिमॉन व्हान डर मीर यांना १९८४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

डब्ल्यू बोसॉनचा ऱ्हास होऊन कधी कधी एक इलेक्ट्रॉन आणि एक न्यूट्रिनो बाहेर पडतो. इलेक्ट्रॉन दिसतो, न्यूट्रिनो मात्र शोधयंत्रातून आरपार निघून जातो. स्थिर असलेल्या डब्ल्यू बोसॉनची ऊर्जा या दोघांत समसमान वाटली जाते. त्यामुळे इलेक्ट्रॉनला डब्ल्यूच्या वस्तुमानाच्या निम्मी, म्हणजे सुमारे ४० जीईव्ही ऊर्जा मिळते. इलेक्ट्रॉन अगदी आडव्या दिशेने निघाला, तर त्याचा आडवा संवेग सर्वाधिक असतो. तिरपा निघाला, तर तो कमी भरतो. एकेका घटनेवरून निर्णय होत नाही, पण पुष्कळ घटनांचा आलेख काढला, की तो चढत जातो आणि ४० जीईव्हीच्या सुमारास एकदम खाली उतरतो.

इलेक्ट्रॉनचा आडवा संवेग आणि संवेगातील तूट या दोहोंपासून आडवे वस्तुमान नावाची राशी तयार केली जाते. तिची विशेषता अशी, की ती डब्ल्यूच्या खऱ्या वस्तुमानापेक्षा कधीही अधिक भरत नाही. अर्थात बोसॉनच्या स्वाभाविक अनिश्चिततेमुळे आणि यंत्राच्या मर्यादेमुळे आलेखाची कडा थोडी पुसट होते. तरीही आलेख जेथे संपतो, तेथे कणाचे वस्तुमान असते. यूए-१ प्रयोगाने बोटांवर मोजण्याइतक्या घटनांवरून हे वस्तुमान सुमारे ८१ जीईव्ही असल्याचे सांगितले होते आणि त्यात ५ जीईव्हीची अनिश्चितता गृहीत धरली होती. आजचा आकडा ८०.४ जीईव्हीच्या निकट आहे. उंचवट्याऐवजी कडेवरून वस्तुमान वाचण्याची ही पद्धत पुढील सर्व संशोधनाचा पाया ठरली.

दोन कण एकाच वेळी अदृश्य झाले तर

डब्ल्यूच्या बाबतीत दोन गोष्टी अनुकूल होत्या. अदृश्य कण एकच होता आणि तो न्यूट्रिनो असल्यामुळे त्याचे वस्तुमान जवळपास शून्य मानता येत होते. कृष्ण पदार्थाच्या कणाविषयी यांपैकी एकही सवलत मिळत नाही.

सुपरसिमेट्रीसारख्या अनेक सिद्धांतांत नवे जड कण जोडीनेच निर्माण होतात. जोडीतील प्रत्येक कणाचा ऱ्हास होताना शेवटी एक अदृश्य कण उरतो. म्हणजे प्रत्येक घटनेत दोन अदृश्य कण निसटतात, दोघांचे वस्तुमान अज्ञात असते आणि हाती असते ती केवळ एकत्रित तूट. त्यातील किती वाटा कोणत्या कणाने नेला, हे समजण्यास मार्ग नसतो.

या कोड्यावर ब्रिटनमधील ख्रिस्तोफर लेस्टर आणि डेव्हिड समर्स यांनी १९९९ मध्ये एक उपाय सुचविला. एकत्रित तुटीची दोन भागांत शक्य तेवढ्या सर्व प्रकारे विभागणी करून पाहायची. प्रत्येक विभागणीसाठी दोन्ही बाजूंचे आडवे वस्तुमान काढायचे आणि त्यातील मोठा आकडा घ्यायचा. सर्व विभागण्यांमधून आलेल्या अशा मोठ्या आकड्यांपैकी सर्वांत लहान आकडा निवडायचा. खरी विभागणी या सर्व शक्यतांमध्ये असतेच, त्यामुळे निवडलेला आकडा मूळ कणाच्या वस्तुमानाच्या वर जाऊ शकत नाही. पुष्कळ घटनांचा आलेख काढला, की त्याची कडा पुन्हा वस्तुमानाकडे निर्देश करते. एम-टी-टू या नावाने ओळखली जाणारी ही राशी आज लार्ज हॅड्रॉन कोलायडरवरील अनेक शोधमोहिमांमध्ये वापरली जाते.

फरक कळतो, मूळ आकडा निसटतो

या पद्धतीत एक त्रुटी राहते. आकडेमोड करण्यापूर्वी अदृश्य कणाचे वस्तुमान काहीतरी गृहीत धरावे लागते. गृहीत आकडा बदलला, की मूळ कणाचा आकडाही बदलतो. दोन वस्तुमानांमधील फरक चांगला कळतो, पण प्रत्यक्ष वस्तुमान किती, हे अनिश्चित राहते.

एका काल्पनिक उदाहरणावरून हे स्पष्ट होईल. समजा, १८० जीईव्ही वस्तुमानाच्या कणाचा ऱ्हास होऊन १४० जीईव्हीचा मधला कण व एक इलेक्ट्रॉन मिळाला आणि त्या मधल्या कणापासून १०० जीईव्हीचा अदृश्य कण व दुसरा इलेक्ट्रॉन मिळाला. दोन्ही दृश्य कणांचे मिळून जे वस्तुमान भरते, त्याची कमाल मर्यादा गणिताने सुमारे ७९.२ जीईव्ही येते. आता हेच तीन कण २८०, २४० आणि २०० जीईव्हीचे आहेत, असे मानू. अदृश्य कण दुप्पट जड झाला, तरी मर्यादा सुमारे ७९.७ जीईव्ही, म्हणजे जवळपास तेवढीच भरते. दोन्ही पारड्यांतील वजनाचा फरक तेवढा दाखवणारा, पण एकाही पारड्यातील वजन न सांगणारा तराजू असावा, तशी ही अवस्था आहे.

यातून मार्ग काढण्याचे दोन प्रमुख प्रयत्न झाले. पहिला मार्ग लांब साखळ्यांचा आहे. ऱ्हास तीन-चार टप्प्यांत होत असेल, तर दृश्य कणांच्या निरनिराळ्या जोड्यांपासून अनेक कडा मिळतात. जितक्या कडा, तितकी समीकरणे. समीकरणांची संख्या अज्ञात वस्तुमानांइतकी झाली, की उत्तर काढता येते. दुसरा मार्ग २००७ च्या सुमारास दक्षिण कोरिया आणि ब्रिटनमधील संशोधकांनी दाखवून दिला. अदृश्य कणाचे गृहीत वस्तुमान हळूहळू वाढवत नेले आणि एम-टी-टू राशीची कडा कशी सरकते याचा आलेख काढला, तर विशिष्ट परिस्थितीत गृहीत आकडा खऱ्या आकड्याशी जुळतो तेथे आलेखाला कोन पडतो. तो कोन सापडला, तर दोन्ही वस्तुमाने एकाच वेळी ठरतात. मात्र प्रत्यक्ष प्रयोगात घटनांची संख्या मर्यादित असते आणि मापनात त्रुटी असतात. अशा वेळी हा कोन ओळखणे कठीण असते.

आकड्यावर विश्वास केव्हा ठेवावा

आलेखावरील प्रत्येक उंचवटा किंवा कडा म्हणजे नवा कण नव्हे. न्यूट्रिनो निर्माण करणाऱ्या परिचित प्रक्रियाही संवेगात तूट दाखवतात. शोधयंत्राचा एखादा भाग नीट काम करीत नसेल, तरीही तूट भासते. म्हणून शोधाची घोषणा करण्यापूर्वी तो निव्वळ योगायोग असण्याची शक्यता सुमारे ३५ लाखांत एक इतकी कमी असावी, असा दंडक पाळला जातो.

हा दंडक किती आवश्यक आहे, हे डिसेंबर २०१५ मध्ये दिसून आले. अॅटलास आणि सीएमएस या दोन्ही प्रयोगांच्या आलेखांत ७५० जीईव्हीच्या सुमारास प्रकाशकणांच्या जोड्या अपेक्षेपेक्षा अधिक दिसल्या. पुढील काही महिन्यांत जगभरातील सैद्धांतिक शास्त्रज्ञांनी त्यावर शेकडो शोधनिबंध लिहिले. ऑगस्ट २०१६ मध्ये अधिक माहिती हाती आली, तेव्हा तो उंचवटा नाहीसा झाला होता.

सापडलेल्या कणाचे वस्तुमानही वादाचा विषय होऊ शकते. अमेरिकेतील फर्मिलॅबचे टेव्हाट्रॉन हे कोलायडर २०११ मध्ये बंद झाले. तेथील सीडीएफ प्रयोगाने जुन्या माहितीचे विश्लेषण करून एप्रिल २०२२ मध्ये डब्ल्यू बोसॉनचे वस्तुमान ८०,४३३.५ एमईव्ही असल्याचे जाहीर केले. एमईव्ही हा जीईव्हीचा हजारावा भाग आहे. या मापनातील अनिश्चितता केवळ ९.४ एमईव्ही होती. प्रमाणित सिद्धांतानुसार हा आकडा ८०,३५७ एमईव्हीच्या आसपास असायला हवा. हा फरक खरा असता, तर एखाद्या अज्ञात कणाचा तो अप्रत्यक्ष पुरावा ठरला असता. सप्टेंबर २०२४ मध्ये सीएमएस प्रयोगाने ८०,३६०.२ एमईव्ही हा आकडा जाहीर केला, ज्याची अनिश्चितता ९.९ एमईव्ही आहे. अॅटलासचे मापनही सिद्धांताशी सुसंगत आहे. सीडीएफचा आकडा इतरांपेक्षा वेगळा का आला, याचे सर्वमान्य स्पष्टीकरण मिळालेले नाही. चार दशकांपूर्वी सापडलेल्या आणि अदृश्य असा एकच भागीदार असलेल्या कणाची ही स्थिती आहे. न सापडलेल्या कणांविषयी किती सावधगिरी बाळगावी लागेल, याची कल्पना त्यावरून येते.

कण सापडला नाही, तरीही निष्कर्ष निघतो

शोधमोहिमेतून नवा कण मिळाला नाही, म्हणजे श्रम वाया गेले, असे होत नाही. अमुक वस्तुमानाचा कण अस्तित्वात असता, तर आतापर्यंत इतक्या घटना दिसायला हव्या होत्या, असा हिशेब मांडता येतो. तेवढ्या दिसल्या नाहीत, तर ते वस्तुमान वगळले जाते. सुपरसिमेट्रीतील ग्लुइनो हा कण, काही सोपी गृहीतके मान्य केल्यास, सुमारे २,००० जीईव्हीपर्यंत वगळण्यात आला आहे.

या मर्यादेलाही अट असते. मूळ कण आणि अदृश्य कण यांच्या वस्तुमानांत फारच थोडा फरक असेल, तर दृश्य कणांच्या वाट्याला अत्यल्प ऊर्जा येते आणि ते नजरेतून सुटतात. अशा परिस्थितीत बराच हलका कणही दडून राहू शकतो. त्यामुळे अमुक मर्यादेपर्यंत कण नाही, असे वृत्त वाचनात आल्यास ते कोणत्या गृहीतकांवर आधारलेले आहे, हे पाहणे अगत्याचे ठरते.

भारताचे योगदान

या संशोधनात भारतीय शास्त्रज्ञांचा सहभाग जुना आहे. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था फर्मिलॅबच्या डी-झीरो प्रयोगात सहभागी होती. डी-झीरो आणि सीडीएफ या प्रयोगांनी १९९५ मध्ये टॉप क्वार्कचा शोध लावला. त्याचे वस्तुमान सुमारे १७३ जीईव्ही, म्हणजे जवळजवळ टंगस्टनच्या एका अणूइतके आहे. सर्नच्या सीएमएस शोधयंत्रातील बाह्य हॅड्रॉन ऊर्जामापकाच्या उभारणीतही टाटा संस्थेने महत्त्वाची भूमिका बजावली. आतील थरांतून निसटणारी ऊर्जा पकडणे हे या भागाचे काम आहे. ती ऊर्जा सुटली, तर संवेगात खोटी तूट दिसते आणि अदृश्य कणाचा आभास निर्माण होतो. अदृश्य कणांच्या शोधासाठी हा भाग म्हणूनच उपयुक्त आहे. जानेवारी २०१७ मध्ये भारत सर्नचा सहयोगी सदस्य झाला.

सैद्धांतिक बाजूने पुण्यात जन्मलेल्या डॉ. रोहिणी गोडबोले यांचे कार्य उल्लेखनीय आहे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत दीर्घकाळ अध्यापन करणाऱ्या डॉ. गोडबोले यांनी मानुएल ड्रीस आणि प्रबीर रॉय यांच्यासह सुपरसिमेट्रीतील कणांविषयी लिहिलेला ग्रंथ २००४ मध्ये प्रकाशित झाला. असे कण कोलायडरमध्ये कोणत्या खुणांवरून ओळखता येतील, याचे सविस्तर विवेचन त्यात आहे. २०१९ मध्ये त्यांना पद्मश्री किताबाने गौरविण्यात आले. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यांचे पुण्यात निधन झाले.

पुढील दिशा

उद्या कोलायडरमध्ये अदृश्य कणाची निःसंदिग्ध खूण मिळाली, तरी तो कृष्ण पदार्थच आहे, असे लगेच म्हणता येणार नाही. शोधयंत्राबाहेर पडण्यास त्या कणाला सेकंदाचा काही कोट्यंश एवढाच वेळ पुरतो. तेवढा काळ तो टिकला, इतकेच कोलायडर सांगू शकतो. कृष्ण पदार्थाचा कण मात्र सुमारे १,३८० कोटी वर्षे टिकून राहिलेला असला पाहिजे. ही दरी भरून काढण्यासाठी वस्तुमानाचाच आधार घ्यावा लागेल. खोल भूगर्भातील प्रयोगशाळांमध्ये कृष्ण पदार्थाचा थेट शोध सुरू आहे. झारखंडमधील जादुगुडा येथील खाणीतही सुमारे ५५० मीटर खोलीवर अशी प्रयोगशाळा उभारण्यात आली आहे. भूगर्भातील प्रयोगांत मिळालेले वस्तुमान आणि कोलायडरमध्ये कडेवरून काढलेले वस्तुमान एकच निघाले, तर दोन्ही ठिकाणी एकच कण दिसला, असे मानण्यास मोठा आधार मिळेल.

लार्ज हॅड्रॉन कोलायडरची सुधारित आवृत्ती २०३० च्या सुमारास कार्यान्वित करण्याचे नियोजन आहे. तिच्यातून मिळणाऱ्या टकरींची एकूण संख्या मूळ आराखड्याच्या सुमारे दहापट असेल. घटना वाढल्या, की आलेखाची कडा अधिक स्पष्ट होते आणि वस्तुमानातील अनिश्चितता कमी होते. नवा कण त्यात सापडेल की नाही, हे निसर्गावर अवलंबून आहे. तो सापडलाच, तर त्याचे वस्तुमान ठरविण्याची साधने मात्र तयार आहेत.